मागून घेतलेले दोन दिवस

भूगोलाच्या बाईंना शाळेत सगळे फौजदार म्हणायचे. तोंडावर नाही हं, तेवढी हिंमत कोणात होती! तोंडावर आपलं गुमान ‘बाई, बाई’. पॅसेजमध्ये त्यांच्या चपलांचा आवाज आला की दंगा करणारी पोरं भिंतीला पाठ लावून उभी राहायची, आणि स्टाफरूममध्ये फोनवर पत्ते खेळत बसलेला मास्तर घाईघाईने वह्यांचा गठ्ठा पुढे ओढायचा. बाईंना हे टोपणनाव ठाऊक होतं. घरी सासूबाईंना सांगून त्या हसायच्याही. सासूबाई म्हणायच्या, “पोरांचं काय चुकलं त्यात? इथे मी भोगतेच आहे की.”

हे नाव पडलं ते दरवर्षीच्या भाषणामुळे. सुट्टी संपून शाळा उघडायच्या आधी सगळ्या शिक्षकांना एका वर्गात बसवून नियम समजावून सांगायचे असतात. ते लचांड मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, यांच्या गळ्यात मारलं होतं. बाई उभ्या राहायच्या आणि खडू टेबलावर आपटत सांगायच्या, “शिकवायचा परवाना मंडळ देतं आणि काढूनही मंडळच घेतं. एखादा शिक्षक मुलांना इजा होईल असं वागतोय हे ज्याला कळेल, त्याने ते त्याच दिवशी थेट मंडळाला कळवायचं. खरं की खोटं ते मंडळ बघेल. आधी त्या माणसाला जाऊन विचारायचं नाही. मोठ्या बाईंवर ढकलून मोकळं व्हायचं नाही. ज्याने उशीर केला त्याचाही परवाना जातो, लक्षात ठेवा.” नवीन आलेल्यांच्या पोटात गोळा यायचा. जुने जांभया द्यायचे.

जुन्यांना माहीत होतं ना, स्टाफरूमचा कायदा वेगळा असतो! कोणाबद्दल काही ऐकू आलं की चहाच्या वेळी आधी त्याच्या कानावर घालायचं. ‘बाबा रे, असं असं ऐकतोय, जरा जपून.’ ज्याच्याबरोबर रोज डबा खायचा त्याची परस्पर वर तक्रार करायची म्हणजे अगदीच हलकटपणा, असं सगळ्यांच्या मनात घट्ट बसलेलं. हा कायदा कोणी लिहिला नव्हता, पण मोडल्याचं कोणाला आठवत नव्हतं. खुद्द बाईंनीही कधी मोडला नव्हता. भाषण संपवून हाताचा खडू झटकला की त्याही स्टाफरूमच्याच झाल्या.

आणि त्या स्टाफरूममध्ये त्यांचं हक्काचं माणूस म्हणजे शिट्टीसर. खेळाचे शिक्षक. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून पोरांनी ठेवलेलं नाव. दोघं एकाच वर्षी शाळेत लागले. बाई परवान्याच्या परीक्षेत पहिल्यांदा नापास झाल्या तेव्हा याच माणसाने त्यांना मैदानाभोवती फेऱ्या मारायला लावून एकेक नियम घोकून घेतला होता. बाईंची मुलगी अपुऱ्या दिवसांची झाली, दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत होती, तेव्हा बाईंचे सगळे तास यानेच घेतले. नद्या आणि पर्वत यांचा त्याला गंध नव्हता. पोरांना नकाशा रंगवायला देऊन हा बापडा खिडकीशी उभा राहायचा. मुलगी मोठी झाली तशी त्याला मामा म्हणायला लागली. बाईंचा नवरा चष्म्याचं दुकान चालवायचा. तो चेष्टेने म्हणायचा, “बरं आहे बुवा, मानपान न करता आयता मेहुणा मिळाला.” घरात नळ गळला की मामा, सासूबाईंना डॉक्टरकडे न्यायचं की मामा. सख्ख्या भावाने केलं नसतं एवढं त्याने केलं, हे बाई चारचौघांत सांगायच्या.

आता इथेच माणूस फसतो बघा. ज्याचं आपण इतकं खाल्लंय, त्याच्याकडे आपण कधी परक्या डोळ्यांनी बघतच नाही.

त्या शुक्रवारी शेवटचा तास बाईंचा होता. घंटा झाली, पोरं दप्तरं सावरत धावली, आणि मधल्या रांगेतली एक मुलगी बसूनच राहिली. तिचं नाव काही का असेना, अख्खी शाळा तिला भिंगरी म्हणायची. पळायला लागली की पाय दिसायचे नाहीत पोरीचे! रविवारी सगळ्या शाळांच्या शर्यती होत्या आणि शिट्टीसरांनी सगळी भिस्त तिच्यावर ठेवली होती. ही शर्यत जिंकली तर सरांना निवड समितीवर घेणार, अशी कुजबुज होती.

“काय गं, घरी जायचं नाही?” बाईंनी विचारलं.

“जाते बाई. पाय जरा मोकळा करते.”

“बघू.”

भिंगरीने मोजा खाली केला. नडगीवर मधोमध सूज होती, आणि बाईंनी नुसतं बोट टेकवलं तर पोरगी बाकाची कड धरून कळवळली.

“कधीपासून आहे हे?”

“झाले बरेच दिवस. पण गोळी घेतली की कळत नाही.”

“कसली गोळी? कोण देतं?”

भिंगरीने आधी दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “सर देतात. पळायच्या आधी. घरी सांगायचं नाही म्हणाले. आई डॉक्टरकडे नेईल आणि डॉक्टर पळणं बंद करेल. बाई, मला रविवारी पळायचं नाहीये. पण मी सांगितलं असं सरांना सांगू नका हं.”

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “तू सांगितलंस ते बरं केलंस. आता तू काळजी करू नकोस, मी बघते.” पोरगी लंगडत गेली. जाताना तिच्या चेहऱ्यावर केवढी सुटका होती! बाईंनी ती पाहिली.

मंडळाचा नंबर बाईंच्या फोनमध्ये होता. दरवर्षी तोच नंबर तर त्या फळ्यावर लिहायच्या. त्यांनी फोन काढला, नंबर शोधला, आणि थांबल्या. बोट काही पुढे जाईना. आपल्या मुलीच्या मामाची तक्रार करायची? न विचारता, न सांगता? त्याची बाजू तरी ऐकायला नको? फोन पर्समध्ये टाकून बाई मैदानाकडे निघाल्या. नियम तोंडपाठ असलेली बाई, आणि पाऊल पडलं ते स्टाफरूमच्या कायद्याप्रमाणे!

शिट्टीसर खेळाच्या सामानाच्या खोलीत चेंडूत हवा भरत होते. बाईंनी दार लोटून घेतलं आणि आडवळण न घेता म्हणाल्या, “भिंगरीला गोळ्या देतोस तू?”

हवा भरायचा हात थांबला. “कोण म्हणालं?”

“कोणी का म्हणेना. देतोस की नाही?”

सर गाद्यांच्या ढिगावर बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत बाईंनी या माणसाला रडताना पाहिलं नव्हतं. “चुकलो, फौजदार,” ते म्हणाले. हे नाव तोंडावर घेणारे तेवढे एकटेच. “साध्या दुखण्याच्या गोळ्या आहेत गं. पण चुकलो. आता तू कळवणार, मला माहीत आहे. कळव. फक्त मला दोन दिवस दे. सोमवारी मी स्वतः मंडळात जातो आणि माझ्या तोंडाने सांगतो. तू सांगितलंस तर मी चोर ठरेन. मी सांगितलं तर निदान घरी तोंड दाखवायला जागा राहील.”

“आणि रविवारी? तिला पळवणार नाहीस ना?”

“वेडी आहेस का? पाय दुखतोय पोरीचा. बसवतो तिला बाहेर. भाचीची शपथ.”

भाचीची शपथ घेतली हो त्याने! त्या काचेच्या पेटीतल्या पोरीची. मग बाई काय बोलणार? त्यांनी दोन दिवस देऊन टाकले. घरी येऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्यांना शिट्टीसरांचीच दया येत होती. नवरा म्हणाला, “पण तुझा नियम?” बाई म्हणाल्या, “अहो, सोमवारी तो स्वतः सांगतोय ना. शनिवार-रविवार तर मध्ये आहेत.” शनिवारी सरांचा फोनही आला. नेहमीसारखा सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी करून ठेवला.

रविवारी दुपारी बाई कपाट आवरत होत्या, तर मोठ्या बाईंचा फोन. भिंगरी शेवटच्या वळणावर कोसळली होती. हाड मोडलं होतं.

“कोसळली म्हणजे? ती पळत होती?” बाईंनी विचारलं.

“अहो, पळत होती म्हणजे काय, पहिली होती!”

बाई तशाच दवाखान्यात धावल्या. भिंगरीचा पाय गुडघ्याच्या वरपर्यंत प्लास्टरमध्ये. हाडाला आधीपासून बारीक चीर होती, डॉक्टर सांगत होते, आणि त्यावर इतका जोर पडल्यावर ते दुभंगलं. चालेल ती नीट, पण पळणं आता विसरा. आणि गोळी घेतल्याशिवाय अशा पायावर पळताच आलं नसतं, असंही ते म्हणाले. भिंगरीची आई लोकांचे कपडे शिवायची. ती मापाचा टेप गळ्यात तसाच घेऊन धावत आली होती. ती सारखी विचारत होती, “पण तू सांगितलं का नाहीस गं दुखतंय म्हणून? सरांनी काही दिलं होतं का तुला?” आणि पोरगी छताकडे बघत म्हणत होती, “नाही. मीच पडले. सरांनी काही दिलं नाही.” असा आवाज, की कोणीतरी पाठ करून घेतलेला धडा म्हणतंय.

बाहेर पाण्याच्या कूलरपाशी शिट्टीसर उभे होते. छे, त्याला आता ‘सर’ म्हणायला जीभ रेटत नाही. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “शपथ घेतली होतीस तू! माझ्या मुलीची!”

“हळू बोल,” तो म्हणाला. त्याच्या डोळ्यांत आता पाण्याचा टिपूस नव्हता. “शर्यत व्हायला हवी होती. एवढी एकच शर्यत. मला काय माहीत हाड मोडेल?”

“म्हणजे ते दोन दिवस तू यासाठी मागितलेस?”

त्याने ग्लासात पाणी घेतलं, अर्धं प्यायला आणि शांतपणे म्हणाला, “हे बघ, सोमवारचं आता विसर. मी काही सांगणार नाही आणि तूही सांगू नकोस. शुक्रवारी तुला सगळं कळलं होतं. तू कोणाला कळवलं नाहीस. माझा परवाना गेला तर तुझाही जाईल. सगळ्यांना भाषण देतेस ना तू? मग कर हिशोब.”

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. ज्याने नियम शिकवला त्याने तोच नियम मानेवर ठेवला. आणि बाईंना रडू आलं ते गळा कापल्याचं नाही, मेल्याने किती वर्षं आधी तो गळा कुरवाळला होता त्याचं. काचेच्या पेटीपाशी उभा राहिलेला तो खरा, की हा खरा? बाईंना घरी जाईपर्यंत कळेना.

घरी नवरा म्हणाला, “कळवायचं तर कळव, पण कधी कळलं ते सांगताना जरा विचार कर. परवाना गेला तर तू दुसरं काय करणार आहेस?” मुलगी नुसती विचारत होती, “आई, मामाने असं केलं? आपल्या मामाने?”

सोमवारी शाळेची घंटा व्हायच्या आत बाईंनी मंडळाला फोन लावला. सगळं सांगितलं. गोळ्या, नडगी, शर्यत. पलीकडून विचारलं, “तुम्हाला हे कधी कळलं?” बाईंच्या तोंडून निघून गेलं, “काल. दवाखान्यात.” फोन ठेवल्यावर त्या कितीतरी वेळ टेबलाशी बसून होत्या. इतकी वर्षं खडू आपटून जे सांगितलं ते असं एका शब्दात गिळून टाकलं! पण परवाना म्हणजे नुसता कागद नव्हता हो. नापास होऊन, पुन्हा बसून, पोर पदरात असताना मिळवलेला. बस ड्रायव्हरच्या मुलीला लोक ‘बाई’ म्हणायला लागले ते त्याच्या जोरावर. तो त्यांना सोडवेना.

चौकशी शाळेतच झाली. आधी वरच्या सभागृहात ठरली होती, पण भिंगरीला कुबड्या घेऊन जिना चढता येईना, म्हणून तळमजल्यावर जुन्या बाकांच्या खोलीत टेबल आणलं. टेबलाचं एक टोक कोणी धरलं सांगू? त्यानेच. पुढे होऊन, बाह्या सरसावून, नेहमीसारखा मदतीला तत्पर. मंडळाकडून आलेल्या अधिकारी बाईंना सर्दी झाली होती, त्या मधूनमधून गरम पाणी पीत होत्या. मोठ्या बाई, भिंगरी, तिची आई, तो आणि फौजदार. बास, एवढीच माणसं. आत जायच्या आधी मोठ्या बाईंनी बाईंना बाजूला घेतलं होतं. “तुम्ही रविवार म्हणालात ना? मग रविवारच धरून राहा. तुमच्यासारखी शिक्षिका मला गमवायची नाही.”

त्याने पहिल्या झटक्यालाच डाव टाकला. “मॅडम, मी गोळ्या दिल्या, कबूल. पण भूगोलाच्या बाईंना शुक्रवारीच सगळं माहीत होतं. मी त्यांना विचारलं होतं. त्यांनी हरकत घेतली नाही. त्यांनी तेव्हाच नको म्हटलं असतं तर मी कशाला पळवली असती मुलीला?”

काय ही जीभ! हरकत घेतली नाही म्हणे. शपथ कोणी घेतली होती मग? इतकी वर्षं बरोबर डबा खाल्लेला माणूस बाईंच्या डोळ्याला डोळा भिडवून, पापणी न लववता खोटं बोलत होता. आणि त्या खोट्यात एक खरं मिसळलेलं होतं, म्हणून बाईंना तोंड उघडता येईना.

अधिकारी बाई भिंगरीकडे वळल्या. “बाळा, तू रविवारच्या आधी हे कोणाला सांगितलं होतंस?”

“नाही.”

“भूगोलाच्या बाईंना?”

“नाही. बाईंना काहीच माहीत नव्हतं.”

भिंगरी टेबलाकडे बघत बोलत होती. तोच आवाज. दवाखान्यात छताकडे बघत ‘सरांनी काही दिलं नाही’ म्हणाली होती तोच. बाई सुटल्या होत्या. मोठ्या बाईंनी सुस्कारा सोडला. पलीकडे त्याचा चेहरा पडला, कारण पोरीने नाही म्हटल्यावर त्याचं कोण ऐकणार होतं? बाईंना नुसतं गप्प बसायचं होतं. पण दवाखान्यात ही पोर त्याला वाचवायला तोंड मिटून बसली होती, आज आपल्याला वाचवायला खोटं बोलतेय. त्याच्याबद्दल मनात इतकी चीड होती, आणि पोरीने दोघांना एकाच माळेत ओवलं होतं. प्रेमाने ओवलं होतं, हे तर आणखी असह्य.

बाई उठून उभ्या राहिल्या. “मॅडम, ती खोटं बोलतेय. माझ्यासाठी बोलतेय. शुक्रवारी शेवटच्या तासानंतर तिने मला पाय दाखवला, गोळ्यांचं सांगितलं, पळायचं नाही म्हणाली. मी तुम्हाला कळवायच्या ऐवजी यांच्याकडे गेले. यांनी दोन दिवस मागितले, मुलीला पळवणार नाही अशी माझ्या मुलीची शपथ घेतली, आणि मी ते दोन दिवस दिले. सोमवारी फोनवर मी दिवस खोटा सांगितला.”

अधिकारी बाईंनी लिहून घेतलं. परवाना तिथेच गेला, त्याचा आणि बाईंचा दोघांचाही. मंडळाचं पत्र काय, नंतर आलं. तो काहीतरी पुटपुटला, पण बाईंनी तिकडे पाहिलंच नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा छातीवरचं ओझं उतरलं होतं. त्या भिंगरीकडे वळल्या. वाटलं, पोरगी आता तरी मोकळी झाली असेल.

भिंगरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. “मी नाही म्हटलं होतं ना बाई! मी तुमचं नाव घेतलंच नव्हतं!”

“अगं, पण ते खोटं होतं. खरं ते सांगायलाच हवं होतं.”

“मग शुक्रवारी का नाही सांगितलंत?”

तिने रागाने विचारलं नव्हतं. तिला खरंच कळत नव्हतं. बाई तिच्यापुढे उभ्याच राहिल्या. भिंगरीच्या आईने थोडा वेळ वाट पाहिली. मग भिंतीला टेकवलेल्या कुबड्या उचलून तिने मुलीच्या हातात दिल्या, आणि बाईंना वाट द्यायला सांगून दोघी बाहेर गेल्या.